फुडच्याला काय लागतंय?

भरमाण्णांचा फोन मी आधी ऐकला आणि माणूस नंतर बघितला. बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या कारखान्यात माझा पहिला दिवस होता. मालकांच्या केबिनमध्ये बसून मी माझ्या पुण्याच्या पदवीबद्दल जरा ऐटीतच सांगत होते, तेवढ्यात बाहेर कर्कश्श घंटी वाजली. थांबली. परत वाजली. परत थांबली, परत वाजली. मालक म्हणाले, "भरमाण्णा आले."

दार ढकलून जो माणूस आत आला त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. कारखान्याचं नव्हे, स्कूटरवर घालायचं. आणि हेल्मेट न् गाल यांच्या फटीत फोन कोंबलेला. दोन्ही हात मोकळे. एका हातात ओतीव लोखंडाचा एक ठोकळा, दुसऱ्यात चहाचा पेला. "हेळ्री… आयतु, आयतु," असं कन्नडमध्ये कुणाला तरी काम झाल्याचं सांगितलं, मग तोंड आमच्याकडे वळवून मराठीत म्हणाले, "ह्याच व्हय त्या पुण्याच्या ताई?"

मी काही पुण्याची नव्हे. टिळकवाडीत जन्मले, तिथंच वाढले, वडील वकील. पुण्यात दोन वर्षं शिकले एवढंच. पण ते सांगायच्या आत फोन परत वाजला आणि भरमाण्णा वळून गेले. पुढची अडीच वर्षं आमची बहुतेक बोलणी अशीच मधेच तुटली.

त्यांच्या हजेरीकार्डावर 'स्टोअर्स' असं लिहिलेलं होतं. पण स्टोअर्सच्या खोलीत हा बाबा सापडला तर शपथ! हेल्मेट काढतच नव्हते, कारण काढून ठेवण्याइतका वेळ ते कुठं थांबतच नव्हते. जेवतानासुद्धा डोक्यावर. मी एकदा म्हटलंही, "अण्णा, निदान भाकरी खाताना तरी काढा." तर म्हणाले, "काढलो की फोन कुठं ठेवू?"

आमच्या कारखान्याचं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माती उकरायच्या मोठ्या यंत्रांत तेलाचा दाब सांभाळणारे व्हॉल्व्ह आम्ही बनवतो. आम्ही बनवतो म्हणजे काय, तर ओतीव ठोकळा कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येतो. त्याला भोकं आणि खाचा आमच्या मशीनवर पडतात. मग पिरनवाडीकडच्या परशरामच्या शेडमध्ये त्याच्यावर गंज न चढण्यासाठी मुलामा चढतो. निपाणीहून शोभाक्काची पुठ्ठ्याची खोकी येतात. त्यांत बसून माल पुण्याला निघतो. याला सप्लाय चेन म्हणतात आणि तिच्या कड्या एकमेकींत नीट गुंतवल्या की लहान कारखानासुद्धा मोठ्याला भारी पडतो, हे मी शिकून आले होते. माझ्याकडे त्याच्या आकृत्यासुद्धा होत्या. बाण काढलेल्या, रंगीत.

त्या आकृत्या मी दुसऱ्याच दिवशी भरमाण्णांना दाखवल्या. पाच मिनिटं त्यांनी मान हलवत, म्हणजे हेल्मेट हलवत, मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "लई भारी. आता असं करा, ह्यो एक नग परशरामला देऊन या." आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक व्हॉल्व्ह माझ्या हातात ठेवला.

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. दोन वर्षं जागून अभ्यास केला तो काय पार्सलं पोचवायला? तशीच फणफणत स्कूटी काढली आणि परशरामच्या शेडवर गेले. आत आम्लाचा वास, ओली फरशी, आणि आमचा माल टोपलीतून काढून तारेला अडकवणारी एक बाई. तिच्या चारही बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"बोटांना काय झालंय?" मी विचारलं.

"तुमच्याच मालानं की. कडा लई धारदार हाईत."

"कधीपासून?"

"पयल्यापास्नं."

"मग सांगितलं का नाही आम्हाला?"

बाईनं माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी. "कोण इचारलंय?"

परत आले तर भरमाण्णा गेटवरच उभे. फोन हेल्मेटात. मला बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो नंतर मी हजारदा ऐकला. "फुडच्याला काय लागतंय?"

"कडा घासून पाहिजेत," मी म्हटलं. माझा राग कुठं गेला होता कोण जाणे.

"मी आपल्या मशीनवाल्यांस्नी धा येळा सांगितलोय. तुमी इंग्रजीतनं सांगा, ऐकतील."

मी इंग्रजीतनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या दोघांना घेऊन शेडवर गेले आणि ती बोटं दाखवली. त्या आठवड्यापासून आमच्याकडून कडा घासून जायला लागल्या. आणि गंमत म्हणजे, कड गुळगुळीत झाल्यावर मुलामाही चांगला धरायला लागला, परत येणारे नग जवळजवळ थांबले. मी हे मोठ्या उत्साहानं भरमाण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "व्हय," आणि फोन घेतला.

"फुडच्याला काय लागतंय?" हा त्यांचा ध्यास होता. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्याला आमच्या मशीनसमोर आणून उभं करायचे. आमच्या मशीनवाल्याला पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे टेम्पोतून पाठवायचे. प्रत्येकानं आपल्यानंतर ज्याच्या हातात माल जातो त्याच्या दारात वर्षातून एक दिवस उभं राहायचं, हा त्यांचा नियम. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. त्यांच्या घरातही हेच. काकी एकदा मला म्हणाल्या, "मी भाजीत मीठ घातलं की इचारतात, फुडच्याला काय लागतंय? म्हटलं, फुडचे तुमीच, गप खावा."

शोभाक्का ही निपाणीची. घरची जुनी तंबाखूची वखार, तो धंदा आटल्यावर तिनं आणि तिच्या भावानं खोकी करायचं काम सुरू केलं. बाई पक्की. खोकं दणकट, पुठ्ठा जाड, शब्दाची पक्की. तरी पुण्यात पोचेपर्यंत दर खेपेला चार-सहा व्हॉल्व्हना चरे पडायचे. पुण्याच्या माणसांनी आम्हाला झापायचं, आम्ही टेम्पोवाल्याला, टेम्पोवाल्यानं रस्त्याला.

भरमाण्णांनी एके दिवशी कोल्हापूरहून माल घेऊन येणाऱ्या टेम्पोत शोभाक्कालाच बसवून आणलं. पॅकिंगच्या टेबलासमोर खुर्ची टाकली, चहा दिला आणि निघून गेले. काही सांगितलं नाही. शोभाक्का अर्धा तास बघत बसली. मग पदर खोचून उठली.

"ह्ये असतंय व्हय आत?" तिनं व्हॉल्व्ह हातात घेऊन खालीवर केला. "इतकी वरसं मी खोकी करतोय, मला कोण दावलंच न्हाय. एवढ्या मोठ्या खोक्यात एवढंसं ल्येकरू! हालणार की ते. आपटणार की. मला म्हायती असतं तर मी आत घरं करून दिली असती."

तिनं घरं करून दिली. आडव्या-उभ्या पट्ट्या, प्रत्येक व्हॉल्व्हला आपली खोली. चरे संपले. त्या दिवसापासून शोभाक्काही परशरामला, फाउंड्रीला, सगळ्यांना थेट फोन करायला लागली. भरमाण्णांना हेच पाहिजे होतं. "माझ्या मारफत कशाला? थेट बोला की रं!" असं ते ज्याला त्याला ओरडून सांगायचे. पण इतकी वर्षांची सवय. सगळ्यांची बोटं त्यांच्याच नंबरावर जायची, आणि घंटी वाजतच राहायची.

मग पुण्याचीच आणखी एक मोठी कंपनी आली. तिला आजवर माल पुरवत होता दक्षिणेतला एक कारखाना, आमच्या आख्ख्या गल्लीएवढा. त्या कंपनीनं आम्हाला सहा महिने दिले. दर शनिवारी दुपारपर्यंत माल त्यांच्या गेटवर. एकही शनिवार चुकायचा नाही, एकही नग कमी नाही, एकही चरा नाही. सहा महिने हे जमलं तर त्या व्हॉल्व्हचं सगळं काम आमचं. एकदा चुकलं तर रामराम. आणि आमच्याकडे दुसरं काम तेव्हा रोडावत चाललं होतं. हे नाही मिळालं तर दुसरी पाळी बंद करावी लागेल, असं मालकांनी आम्हा सगळ्यांना अंगणात उभं करून स्वच्छ सांगितलं. दुसऱ्या पाळीत तेवीस माणसं होती. त्या दिवशी चहाच्या वेळी कुणी कुणाची थट्टा केली नाही.

एकटे भरमाण्णा खूश. "येतंय की काम! त्येंच्याकडं मोठी मशीन हाईत, आपल्याकडं परशराम हाय, शोभाक्का हाय. त्येंच्या खोकीवालीनं कवा व्हॉल्व्ह बघितलाय?" असं म्हणून हसायचे. पण त्यात एक मेख होती. पाचव्या महिन्याच्या शेवटी भरमाण्णा रिटायर होत होते.

मला वाटलं होतं, हा माणूस कॉम्प्युटरच्या नावानं नाक मुरडेल. उलट, कामाच्या आखणीसाठी घेतलेल्या नव्या सॉफ्टवेअरवर माझ्याआधी त्यांचाच जीव. रोज चहानंतर एक तास माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे. "डोक्यातलं काढून घ्या ताई. लवकर काढून घ्या." आणि सांगत जायचे. फाउंड्रीची भट्टी कुठल्या वारी बंद असते. कुठला टेम्पोवाला तवंदी घाटाच्या आधी हमखास तासभर थांबतो. परशरामचं पाणी उन्हाळ्यात कधी आटतं. मी टाइप करत जायची. शेवटी रोज एकच वाक्य, "मी गेल्यावर माझा फोन वाजला न्हाय पायजे. वाजला तर आपण नापास."

त्यांच्या निरोपाला पंधरा दिवस उरले असताना मी शेवटच्या महिन्याचा आख्खा प्लॅन प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडून दाखवला. हिरव्या हिरव्या पट्ट्या, कुठं एक लाल नाही. मला माझाच अभिमान वाटत होता. भरमाण्णांनी डोळे बारीक करून बघितलं.

"सुट्ट्या घातलाय?"

"सगळ्या घातल्यात. सरकारी, बँकेच्या, दोन्ही राज्यांच्या."

"बघा परत."

"अहो घातल्यात, अण्णा!"

ते बाहेर पडले. स्कूटरला किक मारून गेले.

दुपारी परशराम आला. हातात हळदकुंकू लावलेली पत्रिका. "ताई, यात्रेला यायचं बरं का. घरच्यांस्नी घिऊन."

आमच्याकडे गावच्या देवीची यात्रा दरवर्षी नसते. कितीतरी वर्षांनी एकदा भरते, आणि भरली की नऊ दिवस गावात कुणी कामाला हात लावत नाही. लेकी-जावई, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, सगळे गावात. त्याच्याही आधी पाच आठवडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी वार पाळायचे, म्हणजे त्या दिवशीही काम बंद. यंदा यात्रा होती ती परशरामच्या गावची. आमच्या मशीनवरची अकरा माणसं त्या गावची नाहीतर त्या गावचे जावई. टेम्पोवाल्याचं आजोळ तिथं. येत्या मंगळवारपासून वार सुरू होत होते, आणि यात्रेचे नऊ दिवस नेमके शेवटच्या शनिवारवर येऊन बसले होते.

पत्रिकेवरच्या तारखा मी प्लॅनशी ताडून बघितल्या. आणि लाज अशी वाटली, की मला हे माहीत नव्हतं असं नाही! सहा महिने सगळे तेच बोलत होते. घरं रंगवणं चाललं होतं, पोरं रजेचं विचारत होती, आमची आईसुद्धा कुणाकडे जेवायला जायचं ते ठरवत होती. पण मी शिकलेली ना. माझ्या प्लॅनमध्ये दोन राज्यांच्या सुट्ट्या होत्या, आणि बेळगावात वाढून मी यात्रा विसरले होते.

धावत गेटवर गेले, भरमाण्णा स्कूटरवरून उतरतच होते. "अण्णा, यात्रा!"

"व्हय. पत्रिका मिळाली न्हवं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्याच गावची यात्रा हाय गं पोरी." पहिल्यांदाच मला 'पोरी' म्हणाले. आजवर ताई आणि तुम्ही.

"मग सांगितलं का नाही? तेवीस माणसांची भाकर आहे अण्णा, खेळ आहे का?" मी ओरडलेच. डोळ्यांत पाणी आलं ते वेगळंच.

"आज सांजच्याला सांगणार हुतो. सांजपातूर तुला उमगतंय का बघत हुतो. अजून पाच आठवडे हाईत, लई झाले."

"मग आता काय करायचं?"

"मला काय इचारतीस? मी पंधरा दिसांचा पाव्हणा. फुडच्याला इचार."

आणि गेले की निघून! मी त्या दिवशी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. मग फोन घेऊन बसले. आधी परशराम. तो म्हणाला, "वाराचे दिस सोडून बाकी दोन पाळ्या करतो, रविवारी बी करतो. माल मात्र आधी द्या." फाउंड्रीवाला म्हणाला, "दोन आठवडे आधी ओततो, त्यात काय!" मशीनवाल्यांनी आपसात बसून पाळ्या लावल्या. सगळं आधीच करून ठेवायचं ठरलं. पण ठेवायचं कुठं? आमच्या शेडमध्ये ओल. मुलामा असला तरी महिनाभरात डाग पडले असते. शिवाय यात्रेत टेम्पो कोण चालवणार?

शोभाक्काला फोन लावला तेव्हा मी अगदी रडकुंडीला आले होते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अगं, आमची तंबाखूची वखार रिकामीच हाय की," ती म्हणाली. "कोरडी ठणठणीत. तंबाखूला वल चालती व्हय? तिथं आणून ठेवा. हायवेवरच हाय. शनवारी माझा भाऊ गाडी घिऊन जाईल पुण्याला. तुमी खुशाल यात्रा करा."

मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून हसत सुटले. इतके दिवस बेळगावहून पुण्यापर्यंत माल न्यायची चिंता, आणि मधे निपाणीत कोरडं गोदाम तसंच पडून होतं. भरमाण्णांना सांगितलं. त्यांनी हेल्मेट जरा वर केलं. "मला बी सुचलं नव्हतं गं ह्ये," म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला, की त्यांना ठाऊक असून मुद्दाम गप्प बसले असावेत ही माझी शंका तिथंच मिटली.

निरोपाच्या दिवशी मालकांनी फेटा बांधला म्हणून त्यांना हेल्मेट काढावं लागलं. डोक्यावर पांढरेशुभ्र दाट केस! आम्ही सगळे बघतच राहिलो. भाषण त्यांनी एका वाक्यात संपवलं. "माझा फोन वाजला न्हाय पायजे," म्हणाले आणि खाली बसले.

शेवटच्या शनिवारी मी यात्रेला गेले. त्यांच्या घरासमोर मांडव, पंगतीवर पंगती, मटणाच्या रश्श्याचा वास गल्लीभर. भरमाण्णा धोतर नेसून, फेटा बांधून दारात. आणि फेट्यात, कानापाशी, फोन खोचलेला. सवय ती सवय. मला हाताला धरून पंगतीत बसवलं. मी दोन घास खाल्ले असतील-नसतील, माझ्या फोनवर शोभाक्काच्या भावाचा निरोप आला. माल गेटवर उतरला. नग पूर्ण, चरा नाही. फक्त गेटवरच्या माणसानं विचारलं म्हणे, खोक्यांना तंबाखूचा वास कसा काय?

मी पानावरून तशीच उठले. "अण्णा, पोचला! सहा महिने पूर्ण!"

"आयतु!" ते ओरडले. परशरामनं टोपी हवेत उडवली. मशीनवरची पोरं पंगतीतच नाचायला लागली, रश्श्याची वाटी कुणाच्या तरी सदऱ्यावर सांडली. भरमाण्णा पाहुण्यांना छाती काढून सांगत सुटले, "महिना झाला, माझा फोन वाजला न्हाय! एकदा बी न्हाय! कोण इचारलं न्हाय मला!"

मी निघाले तेव्हा ते कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले. इकडंतिकडं बघितलं, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "पोरी, जरा मला रिंग दे गं."

"का?"

"बिघडला तर न्हाय न्हवं, बघतो."

मी नंबर लावला. फेट्यात ती जुनी कर्कश्श घंटी वाजायला लागली. भरमाण्णांनी फोन काढला नाही. डोळे मिटून उभे राहिले आणि वाजून वाजून थांबेपर्यंत ऐकत राहिले.

"चालू हाय," म्हणाले. "जा आता."

वळून गेले. मांडवात कुणाच्या तरी हातातली रश्श्याची बादली त्यांनी काढून घेतली, आणि वाकून, एकेका पानावर थांबत, पंगतीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारत निघाले, "फुडच्याला काय लागतंय?"